मिठाचा धडा

पाठ अकरावा: वाहतूक.
पुस्तक मिटलं, प्रत्येकाच्या तळव्यावर
चिमूटभर मीठ ठेवलं.
"हे इथवर कसं आलं? मागं मागं चला."

कोडापेच्या दुकानातून, सर.
दुकानात? पांढरकवड्याहून, छोट्या हत्तीत.
तिथं? ट्रकनं, ताडपत्रीखाली.
ट्रकमध्ये? धामणगावच्या मालधक्क्यावर
हमालांच्या पाठीवरून.
आणि रेल्वेच्या डब्यात?
वर्ग गप्प. समुद्र कोणीच पाहिला नव्हता.
मीही नाही, पण फळ्यावर काढला, निळ्या खडूनं.

"आता सांगा, इथून उलटं काय जाते?"
कापूस. तूर. बकऱ्या, बुधवारच्या बाजाराले.
मागच्या ओळीतून सुनयना मडावी:
"माही माय जाते जी. मिरची तोडाले, खम्ममले."

मी बाण काढला, दक्षिणेकडं.
ती उठली. उजव्या मुठीतलं मीठ सांडू न देता
डाव्या हातानं खडू घेतला
आणि त्याच रेघेला दुसरं टोक काढलं,
वाकडंतिकडं, गावाकडं.

"चैतात परतते.
फाट्यावर गाडी किती वाजता लागते, सर?"

पुस्तकात नव्हतं.
मधल्या सुटीत डेपोला फोन लावला.
बराच वेळ वाजत राहिला.