हातचा

(फोर्ट जॉन्स्टन, न्यासालँड, १९१२)

साहेब म्हणाले, अमोसी, अक्षर तुझं वळणदार आहे,
तूच उतरव वर्षाच्या अहवालाची स्वच्छ प्रत.
म्हणून रात्री कचेरीत बसलोय.
रॉकेलचा दिवा, टीपकागद,
सरोवराकडून येणारे किडे,
आणि मार्चअखेर संपलेलं एक अख्खं वर्ष
सुतळीने बांधलेलं.

पत्रं आली : नऊ हजार तीनशे बारा.
पत्रं गेली : सहा हजार चाळीस.
साहेब म्हणतात, इथल्या लोकांना उत्तर द्यायची सवय नाही.
मी पुढचा आकडा लिहितो.

तिकिटांची विक्री, मनीऑर्डरचं कमिशन,
लाख, दोरा, दिव्याचं तेल, छपराचं गवत.
तूट : एकेचाळीस पौंड, सात शिलिंग, तीन पेन्स.
तुटीखाली साहेबांनी दोनदा रेघ मारलीय,
दुखऱ्या दाताकडे जीभ पुन्हा पुन्हा जावी तशी.

पौंड हा शब्द या कागदांत दोन घरी नांदतो.
हलकाऱ्याच्या डोक्यावर चाळीस पौंड, त्याहून जास्त नको, नियम सतरा.
हलकाऱ्याला वर्षाचा पगार, तीन पौंड.
एकदा उगाच हिशेब केला :
डोक्यावरचे चाळीस पौंड हातात पडायला
तेरा वर्षं चार महिने धावावं लागेल.
हा विनोद मी कुणाला सांगितला नाही.

परिच्छेद नऊ.
'फेब्रुवारीत लिवोंडेच्या उतारावर नदीला पूर असताना
झोम्बाहून येणारी एक थैली पाण्यात गेली.
दुसऱ्या दिवशी लव्हाळ्यात सापडली.
पत्रे वाळवून वाटण्यात आली. नुकसान नाही.'

थैली साइती नामाकाच्या डोक्यावर होती.
पगारपत्रकात तो एकोणीस तारखेपर्यंत आहे,
विसापासून त्याच ओळीत दुसरं नाव.
त्याच्या कमरेची पितळी घंटा मात्र
हरवलेल्या सामानात रीतसर नोंदलीय :
एक शिलिंग नऊ पेन्स.

पत्रं मीच वाळवली होती,
ओसरीवर, एकेका पत्रावर एकेक गोटा ठेवून.
बरीचशी जोहान्सबर्गच्या खाणींतून आलेली.
शाई पार वाहून गेलेली.
न्यामोयोला तिचा कागद दिला,
तिने तो हुंगला, परत माझ्या हातात ठेवला, म्हणाली, वाच.
कागदावर निळसर ढग होता, बाकी काही नाही.
मी वाचलं. बरा आहे म्हणून वाचलं.
मका निघायच्या आत येतो म्हणून वाचलं.
याआधी कधी पदरचे तीन पेन्स घालून
कुणाचं दंडाचं पत्र सोडवलं असेल मी,
पदरचे शब्द पहिल्यांदाच घातले.

मका निघाला.
टपालाच्या दिवशी ती अजून येते,
काही विचारत नाही,
आंब्याखाली बसून माझ्या हातांकडे बघते.
अहवालात याला परिच्छेद नाही.

मिशनच्या शाळेत बेरीज शिकवताना बजावायचे,
हातचा विसरू नका.
आज तीनदा बेरीज केली,
तिन्ही वेळा एक कमी.
शेवटी सापडला, शिलिंगांच्या रकान्यात,
साधी चूक, दिवसभराच्या डोळ्यांची.
तरी कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला तो एक
पुसायला जरा वेळ लागला.
स्वच्छ प्रतीत कोपरे कोरे लागतात.

पहाटे अहवाल लाखेने बंद केला.
सरकारी कामाचा, म्हणून तिकीट नाही.
काट्यावर दीड पौंड भरला.
थैली एकोणचाळीस झाली. नियमात बसली.

नवा हलकारा लायसन, मिसरूड नुकतंच फुटलेलं.
घंटाही नवी, तिचा पट्टा त्याला सैल होतो,
मी खिळ्याने आणखी एक भोक पाडून दिलं.
यात काय आहे, त्याने विचारलं.
म्हटलं, वर्षभर काय काय झालं ते.
त्याने थैली डोक्यावर घेतली, मान सरळ केली,
आणि विचारलं,
मग लिवोंडेला पाणी किती आहे?