कातरण

हात वर करा, बाई. थोडं मागे सरका,
एक पाय आत, एक फुटपाथवर.
माझं सगळं गिऱ्हाईक असंच उभं राहतं.
स्कूटर अगदी जवळून जातात, पण घाबरू नका,
अख्ख्या हनोईला ठाऊक आहे, इथे मापं चालतात.

छाती अठ्ठ्याऐंशी.

ही टेप दीडशे सेंटिमीटरची.
माझं घर तिच्यात मावतं, वर वीस उरतात.
तेही या टोकाला. त्या टोकाला, चुलीपाशी,
पंचावन्न.
भात ढवळताना कोपर भिंतीला लागतं
आणि बाहेरून बस गेली की
आधी भाताला कळतं.

पूर्वी चार खोल्या होत्या. मागे पेरूचं झाड.
मग नगरपालिकेची माणसं आली, लाल रंगाचा डबा घेऊन,
आणि बैठकीतून, पूर्वजांच्या देव्हाऱ्याच्या पायाशी,
माझ्या शिवणयंत्राखालून
तिरकी रेघ ओढत निघून गेली.
खरं सांगू? रेघ मला आवडली.
हात कुठेही कापला नव्हता.
जन्मभर खडूनं रेघा ओढतेय, तेवढं कळतं मला.
रेघेच्या अलीकडचं सगळं रस्त्याला गेलं,
पलीकडचं मला.
बेतून झाल्यावर टेबलाखाली पडतं ना, ते.

मागच्या घरातले ख्वातसाहेब
दुसऱ्याच दिवशी आले, कमळाच्या चहाची पुडी घेऊन.
म्हणाले, ही फट मला द्या,
माझं घर रस्त्यावर येईल.
फट म्हणाले.
मी चहा ठेवून घेतला.

त्या फटीवर आम्ही तीन मजले चढवले.
लुअननं विटा उभ्या लावल्या,
आडव्या लावल्या असत्या तर
आत नुसत्या भिंती राहिल्या असत्या.
जिना नाही, शिडी. पलंग आधी ठेवला,
मग त्याच्याभोवती खोली बांधली.
तो पलंग आता इथून कधी निघायचा नाही.

लुअन निघाला.
तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून, चादरीत, दोरानं.
खाली ख्वातसाहेबांनी पाय धरले.
त्यानंतर फट हा शब्द
त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही.
तसे ते बोलतही नाहीत फारसे.

कंबर बहात्तर. श्वास सोडा हो,
पोट आत ओढून दिलेलं माप
पहिल्याच जेवणाला उसवतं.

उयेनच्या साखरपुड्याला मुलाकडची
सात तबकं घेऊन आली, लाल कापडाखाली झाकलेली,
सुपारी, विड्याची पानं, शेंगदाण्याच्या वड्या.
मुलाची आई अंगानं भरलेली.
दारात थबकली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं,
मग पर्स पोटाशी धरून
खेकड्यासारखी आडवी आत आली.
सहा तबकं शिडीवरून हातोहात वर गेली.
सातवं अडकलं.
दोन तास तिथेच होतं, चौथ्या पायरीवर,
आम्ही सगळे त्याच्याखालून वाकून जात होतो.
कुणीतरी म्हणालं, शुभ असतं.
मला नाही वाटत असं काही असतं.

वर, पलंगावर ओळीनं बसलो सगळे,
बसची वाट बघतात तसे, तोंडं एकाच दिशेला,
तेव्हा विहीणबाईंनी हळूच विचारलं,
मुलगी चालायला शिकली कुठे?
इथेच, म्हटलं. दोन्ही हात दोन्ही भिंतींना लावून.
कधी पडली नाही.
पडायला जागा कुठे होती?

आता ती अठराव्या मजल्यावर राहते.
लग्नानंतर चौथ्या रात्री फोन आला, कुजबुजत,
आई, पलंगाच्या दोन्ही बाजूंना नुसती हवा आहे.
भिंतीला लावून घे, म्हटलं.
म्हणाली, सासूबाई काय म्हणतील?

बाही बावन्न. झालं.
मंगळवारी या, दुपारनंतर,
सकाळी स्कूटर बाहेर काढेपर्यंत
मला माझ्याच यंत्रापाशी जाता येत नाही.
दोन्ही बाजूंना बोटभर माया ठेवते आत.
अंग वाढतं, बाई.
रेघ ओढणाऱ्यांना काय,
त्यांना माया ठेवायला कुणी शिकवलंच नव्हतं.

हात खाली घ्या आता.
आणि जरा आत या, अशा, अंग चोरून.
बस येतेय.