चौकट सात

गुडघ्याखाली ओल. मी सुई सोडते.
काय लागलं?
शेवाळ.
पुढची?
शेवाळ. वाळकं पान. परत शेवाळ.
मग वाळुंजीचं पान, त्याखाली अजून एक,
त्याखाली काडी, आणि अगदी तळाशी
भिजल्या कागदासारखं दगडफूल.
यॉर्न वहीत चार खुणा करतो.
पूर्वी एका सुईला एक खूण पुरायची.

मीटरभर लांब, मीटरभर रुंद. शंभर सुया.
चार कोपऱ्यांत चार खिळे, माझ्या जन्माआधी ठोकलेले,
गंजून आता मातीच्याच रंगाचे.
दर जुलैत कुणीतरी इथे गुडघे टेकतं
आणि त्याच शंभर जागांना तेच विचारतं.
गेली अकरा वर्षं ते कुणीतरी म्हणजे मी,
विनी इलानिक, तासाला सत्तावीस डॉलर,
डास फुकट.

शेजारी एक घर आहे. सहा भिंती, छप्पर नाही,
दार नाही, उंची माझ्या गुडघ्याएवढी.
पारदर्शक प्लास्टिक. आत दीड अंश जास्त ऊब.
उद्या काय उगवेल ते आजच बघावं
म्हणून बांधलेलं.
लहानपणी वाटायचं, आत कुणीतरी आजारी निजलंय.

आत वाळुंज आधी उठली.
मग भूर्ज, जो इथे जन्मभर पालथा पडून
वारा अंगावरून जाऊ देतो,
तो कोपर टेकून उठून बसला.
शेवाळ मागे सरकलं.
दगडफूल कधी गेलं, कोणाच्या वहीत नीट सापडत नाही.

परवा मसाक आत्या डबा घेऊन आली,
अक्पिक वेचायला.
इथेच होतं, म्हणाली.
उतार तोच. खाली समुद्रही तोच, जरा जवळ आलेला.
कमरेएवढ्या झुडपात ती उभी राहिली,
आपल्याच घरात दिव्याचं बटण चाचपावं तशी.
फांद्या बाजूला केल्या तर
अक्पिकची पानं होती, रुंद, माजलेली.
फळ एकही नाही.
ह्यांना काय झालं गं?
उजेड पुरत नाही, मी म्हणाले.
उजेड? आत्या हसली. जुलैत? इथे?
रात्रीचे अकरा वाजले होते
आणि ऊन तिच्या खांद्यावर होतं.

तिने सुरीने वाळुंजीचं एक खोड कापून दिलं,
करंगळीएवढं. भिंगाखाली वलयं मोजली: एकसष्ट.
पहिली पंचेचाळीस केसासारखी, एकमेकींना चिकटलेली.
पुढची ऐसपैस.
म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या वयाची, आत्या म्हणाली,
तोही असाच, पंचेचाळिशीनंतर सुटला.

थंडीत वारा इथला बर्फ उचलून समुद्रावर टाकायचा.
आता झुडपं तो अडवून धरतात,
बर्फ पांघरूण होतो,
खालची माती पुरती गोठत नाही,
आणि त्या कोमट मातीत अजून झुडपं.
मी सळई खुपसते.
अकरा वर्षांपूर्वी गुडघ्याखालीच टक्क वाजायचं.
आता मांडीला लागते तरी
खालून काहीच बोलत नाही.

चौकट सात बाहेरची आहे.
हिला काही करायचं नाही, नुसती बघायची,
असं पहिल्या वहीत पहिल्या पानावर लिहिलंय.
काल रात्री तंबूत यॉर्नने दोन आकडे शेजारी मांडले:
सातचे यंदाचे,
आणि घराच्या आतले, मी पहिल्यांदा आले त्या वर्षीचे.
बराच वेळ स्टोव्हचा आवाज येत राहिला.
मग त्याने विचारलं, चहा घेणार?

सुई अठ्ठ्याण्णव. वाळुंज.
नव्याण्णव. वाळुंज, काडी, शेवाळ.
शंभर.
इथे सिकसिकने उकरलंय, उघडी माती,
आणि सुईच्या टोकाशी
दोन पानांचं काहीतरी, तिळाएवढं,
अजून कुणासारखंच दिसत नाही.
यॉर्न पेन्सिल धरून थांबलाय.
वहीतल्या यादीत बेचाळीस नावं आहेत.
मी सगळी एकदा मनात म्हणून बघते.