जायचं राहून गेलेलं

फ्लक्सच्या ढिगाखाली आर्क पेटलेला असतो, बाहेर काही दिसत नाही.
नुसती चुरचुर, तापल्या कढईत मासा सोडल्यासारखी.
करंट जरा उतरला
तरी ओक-बुनला कानानेच कळतं.

गोजे बेट, फेब्रुवारी. अर्धं बांधलेलं जहाज.
खारा वारा तिच्या चामडी हातमोज्यांवर पांढरा वाळतो.
बेकझोद, उझबेक, कापसाच्या गावचा,
मोडक्या कोरियनमध्ये विचारतो:
वरचा हा काळा पापुद्रा फेकायचाच, तर त्याचं काम काय?

ती हातोडीची टिचकी मारते.
स्लॅग आपसूक सुटतं, वळत, किणकिणत.
खाली उघडा, ताजा टाका.

काम म्हणजे देणं-घेणं, ती म्हणते.
आर्कच्या पोटात, जिथे पोलाद थेंबाथेंबाने पडतं,
तिथे स्लॅग त्याला मँगनीज देतं
आणि न मागता प्राणवायूही गळ्यात मारतं.
वीतभर मागे तळं निवायला लागतं.
मग तिथलं सिलिकॉन प्राणवायूचा हात धरून
वर, माघारी निघतं.
गंधक चुन्याकडे.
दहाएक सेकंद मिळतात सगळ्यांना.
हिशेब जुळायच्या आत दार गोठतं.

मग आत काय राहतं?

राहतात कण. काचेचे,
पिठाहून बारीक, निघालेले पण पोचले नाहीत असे.
लॅबमधल्या त्या चष्मेवालीने तिला एकदा भिंगातून दाखवले होते:
एकेका कणाभोवती
पोलाद सुया-सुयांनी उगवलेलं, एकमेकींत अडकलेलं.
तडा आला तर त्या गुंत्यात वाट चुकतो, म्हणाली.
फार झाले तर घात. अजिबात नसले, तरी जोड ठिसूळ.

ओक-बुन मशीन पुढच्या सांध्यावर लावते.
बटण दाबण्याआधी जिभेने दोनदा टक टक करते.
मानसपची सवय ती, क्रेनवरून इशारा द्यायची.
नऊ वर्षं झाली.
त्यांना मिळाली होती अकरा.
त्याचे बूट तिने कुणाकुणाला देऊन टाकले,
रेडिओ दिला, गळ दिला मासे पकडायचा.

दुपारी ती डबा उघडून बसते, मुळ्याचं किमची, गार भात.
पलीकडच्या पत्र्यांमागे बेकझोद एकटाच टाका धरतोय.
फ्लक्स सांडल्याचा आवाज.
मग क्षणभर काहीच नाही.
मग टक,
टक.

तिच्या हातातल्या काड्या तशाच थांबतात.
आणि चुरचुर सुरू होते.