एक फवारा, दहा पेन्स

चॅपेलच्या मागच्या दालनात शनिवारी विक्री.
आमच्या लाइफबोटला नवं इंजिन हवंय,
आणि वेल्सच्या या वाऱ्याच्या टोकाला
ते इंजिन आम्ही, बाई गं,
लोकरीच्या टोप्या विकून घेणार आहोत.

एलुनेडचं टेबल दाराशी.
चहाच्या किटल्यांसाठी तिने एकवीस अंगरखे विणलेत,
एकातही तोटीचं भोक जागेवर नाही.
"किटलीनं जुळवून घ्यावं," ती म्हणते,
"मी नाही घेतलं चाळीस वर्षं, त्या माणसाशी?"
लोक हसतात आणि दोन-दोन घेऊन जातात.

माझ्याकडे पुस्तकं.
हलकीफुलकी, पावशेर वजनाची,
मुखपृष्ठावर डॉक्टर, नाहीतर घोड्यावरचा उमराव,
आत पावणेदोनशे पानांत हमखास लग्न.
वीस पेन्सला एक, पन्नासला तीन.
विद्वान मंडळी येतात, नाक मुरडतात,
इतिहासाचा जाडजूड ग्रंथ उचलतात
आणि त्याच्याखाली दडवून एक डॉक्टर नेतात.
मी पैसे मोजून घेते. बोलत काही नाही.

चाळताना खुणा सापडतात,
सदतिसाव्या पानावर, तळाशी, पेन्सिलीनं.
फुली म्हणजे ब्रोन्वेन. गोल आहे तो नर्सबाईंचा.
आणि दोन रेघांचा चिमुकला मासा,
तो मेरेरिडचा.
वाचून झालंय, पुन्हा घ्यायचं नाही, एवढाच अर्थ.
सगळ्या गोष्टी सारख्याच, लक्षात तरी कसं राहावं?

मेरेरिड फेब्रुवारीत गेली.
तिची दोन खोकी इद्वालनं परवा आणून ठेवली,
दोरीनं आवळलेली, नावाड्याची गाठ.
ती सोडवायला आम्हा तिघींना अर्धा तास.
पुस्तकांच्या तळाशी निघाली अत्तराची बाटली,
बोटभर उरलेली.
उष्टं अत्तर कोण विकत घेणार?
एलुनेडनं पुठ्ठ्याचा तुकडा फाडला, लिहिलं:
एक फवारा, दहा पेन्स.

मग काय विचारता.
पोस्टातली कादी दोनदा आली.
खाटीक आला मनगट पुढे करत, "बायकोला चकवतो जरा."
शाळकरी पोरींनी केसांवर मारून घेतलं, एकीनं कुत्र्यावर.
पाद्रीबाईंनी हातरुमालावर, आणि तोही घाईघाईनं खिशात.
व्हायोलेट, थोडा साबण, खाली कुठेतरी लाकूड.
चार वाजेतो ओल्या कोटांचा न् केकचा वास मागे सरला,
दालन नुसतं घमघमलं.

साडेचारला इद्वाल आला खुर्च्या रचायला, नेहमीसारखा.
दारातच थांबला.
टोपी काढली.
आम्ही बायका एकदम गप्प. कादीनं मनगट पाठीमागे नेलं,
जणू त्यानं ते लपणार होतं.
तो वास घेत राहिला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
जाळं तपासावं तसा, सावकाश.
मग म्हणाला,
"फार झालं. ती थेंबभरच लावायची. कानामागे. रविवारी."
आणि खुर्च्या रचू लागला,
सहा-सहाच्या चळती, जराही आवाज न करता.

निघताना विचारलं, बाटलीचे किती जमले?
सहा पौंड चाळीस.
त्यानं खिशातून दहा पेन्स काढून डब्यात टाकले,
बाटली उचलली, दाबली. नुसती हवा.
"झाकण आहे का?"
होतं. तेवढं तो घेऊन गेला.

रात्री मी एक उरलेला डॉक्टर घरी आणला.
सदतिसाव्या पानावर मासा होताच.
शेवट ठाऊक असून दीडपर्यंत जागले,
लग्नाच्या पानावर डोळेही पुसले, खोटं का बोलू?
मग पेन्सिल शोधली.
इतकी वर्षं पुस्तकं विकते, पण माझी खूण
मी कधी ठरवलीच नव्हती.
बराच वेळ बसून राहिले,
आणि त्या माशाच्या खाली
पाण्याची एक वाकडी रेघ ओढली.