पन्नास हर्ट्झ

हॉग्नीच्या अकॉर्डियनमागे
तळघरात कुणीतरी सारखं गुणगुणायचं.

केबल बदलली. इंटरफेस नवा, तोही हप्त्यावर.
बफर वाढवला तर सूर उशिरा पोचे,
उतरवला तर तडतडे,
फोडणीत पाणी पडल्यासारखा.

टोर्सहाव्हनचा दुकानदार म्हणाला, अर्थिंग.
त्याचा भाऊ म्हणाला, ड्रायव्हर.
मार्यून जिन्यातूनच म्हणाली, फ्रीझर.

प्लग काढला.
समुद्रसुद्धा जणू बूट काढून आत आला.
पहाटेपर्यंत अकरा टेक,
आणि मग मोज्याला ओल:
हिवाळ्याची बेगमी, अख्खी दोन मेंढरं.

तीन दिवस आम्ही गल्लीभर
त्याच्याकडे जेवत होतो.

नवव्या टेकमध्ये, शेवटच्या सुराखाली,
थेंब ऐकू येतात.
ते त्याने काढले नाहीत.