पाव फेरा

माझ्या लेथच्या स्क्रूला पाव फेरा ढील आहे.
हँडल फिरतं, टूल जागचं हलत नाही,
मग एकदम पकडतं.
कामाला नवीन लागलेलं पोरगं विचारतं,
"काका, हे दुरुस्त का करंना तुम्ही?"
मी म्हणतो, चहा सांगून ये जा.

भूपाल चौगुले आणि मी
एकाच वर्षी लागलो, उद्यमनगरात, हिंदुराव मिस्त्रींकडे.
भाकरी एका डब्यातली, हात एका बादलीत,
आणि बिडाची काळी पूड दोघांच्याही नखांतून
लग्नाच्या हळदीतसुद्धा निघाली नव्हती.

मग तो शिरोलीला गेला.
मी इथंच, टायरवाल्याशेजारच्या गाळ्यात.
त्याच्या मशिनी मोजत आलो:
तीन, सात, अकरा.
पोरीला बारावीत किती टक्के पडले विचारलं
तर मी शालनकडं बघतो,
भूपालच्या मशिनी मात्र तोंडपाठ.
वडगावला जाताना एसटीत मुद्दाम
त्याचा बोर्ड दिसणार नाही अशा बाजूला बसायचो,
आणि दर वेळी मान तिकडंच.

कोटेशन मीही आणलं होतं एकदा.
चोवीस लाख. अजून ड्रॉवरात आहे,
त्यावर ड्रिल ठेवतो, तेल टिपायला बरं पडतं.
हे मी हसत सांगतो.
त्या रात्री रंकाळ्यावर अकरापर्यंत बसलो होतो,
भडंगाची पुडी न उघडता तशीच घरी आणली होती.

परवा त्याच्या नव्या शेडची वास्तुशांत झाली.
पत्रिका द्यायला स्वतः आला,
बोलता बोलता माझ्या लेथवर हात ठेवला,
म्हशीच्या पाठीवर ठेवावा तसा.
मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.
मशिनी काचेच्या आत, एकट्याच,
अंगावर दुधासारखं पाणी घेत
कुणाकडं न बघता काम करत होत्या.
भूपाल मला हाताला धरून फिरवत होता.
त्याचा हात मऊ लागला. मला बरं वाटलं.
लगेच लाज वाटली.
मग परत बरं वाटलं.

आणि मी शोधत होतो. काय, ते सांगायला नको.
सात नंबरजवळ सापडलं:
फरशी दोन सूत बसलेली, कोपऱ्यात पाणी साचलेलं.
वाकून बोट लावलं, उठलो,
म्हटलं, "झकास झालंय, भावा."
पंगतीत तीन जिलब्या जास्त खाल्ल्या.

ते दोन सूत मी तीन दिवस
खडीसाखरेसारखे जिभेखाली ठेवले.
त्या तीन दिवसांत चार नग स्क्रॅप झाले.
शालन म्हणाली, "एवढा खूश माणूस
झोपत का न्हाई रातचा?"

चौथ्या दिवशी फोन लावला.
"भूपाल, सात नंबरची फरशी बसलीय रं.
वरसात बेड वाकंल."
तिकडून थोडा वेळ नुसता मशिनींचा आवाज.
मग म्हणाला, "बोट लावताना बघितलंतं मी तुला.
फोन कधी येतोय तेवढंच बघत हुतो."
आणि हसला, मिस्त्रींच्या पाठीमागं हसायचा तसा,
नाकातून.

त्यानं काही सुटलं असं नाही.
काल एसटीत मान वळलीच. तेरा झाल्यात.

आज रसवंतीवाल्या मुबारकभाईंची चरकाची पिन आली आहे.
एकच नग. दीडशे रुपये, आणि दोन ग्लास रस, आल्याचा.
माप घेतो.
सगळी ढील काढली की स्क्रू जाम होतो,
हे त्या पोराला अजून सांगायचंय.
ती किती आहे, ते हाताला ठाऊक पाहिजे.
मापाच्या मागं जायचं, पाव फेरा जास्तच,
मग पुढं यायचं, हलकं,
पकडेपर्यंत.

पकडलं.
कीस निघतोय, निळा, गरम, एकसलग.
पोरगं चहा घेऊन उभं आहे.
ठेव तिथं, म्हटलं,
हा कट होऊ दे.